धाकटे जावई आणि तीसपैकी सत्तावीस

ती. आई यांना थोरल्या जावयाचा वाकून नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल, झोप लागत असेल, गुडघा वाकत असेल आणि मुख्य म्हणजे वाकल्यावर पुन्हा सरळ होत असेल, अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत. हिची सर्दी गेली (ती मला आली, पण माझ्या सर्दीची बातमी कुणाला कळवायची आपल्या घरात पद्धत नाही). धाकटीकडेही सगळं छान आहे. त्यांचं नवं घर आमच्यापासून चालत सात मिनिटांवर. चार खोल्या, भरपूर उजेड, आणि स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खिडकीपेक्षा मोठी. मी मोजलेली नाही. हिने मोजली.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि मी आपल्याला पत्र लिहितोय हे पहिलंच, तेव्हा पाकीट बघून आपल्या छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी प्या. कुणालाही काही झालेलं नाही. फोनवर आपलं-माझं बोलणं "बरे आहात ना? जरा हिला द्या" एवढ्यात उरकतं, आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. शिवाय आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. हे पत्र मी दुकानात, मागच्या बाजूला, टांगलेल्या कोटांच्या आडोशाला बसून लिहितोय. कागदाला वास येत असेल तर तो कोट धुण्याच्या औषधाचा आहे, मी काही घेतलेलं नाही.

आणखी एक आधीच स्पष्ट करतो. हे पत्र तक्रारीचं नाही. आपल्या धाकट्या जावयांबद्दल मला अतिशय आदर आहे, आणि तो किती आहे ते पुढे येईलच.

आपल्याला कल्पना असेल-नसेल, दर बुधवारी संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढलं की माझ्याकडे चित्रपटाच्या शौकिनांची बैठक भरते. माणसं मोजकी. मी, भूमितीचे सर (हे शाळेतून निवृत्त झाले, वाद घालण्यातून नाही), शेजारच्या औषधांच्या दुकानातल्या केमिस्टबाई, ज्या पडद्यावरच्या आजाऱ्याला कोणती गोळी दिली ते बघून चित्रपट चांगला की टाकाऊ ते ठरवतात, आणि बस चालवणारे एक गृहस्थ, ज्यांना आम्ही 'मध्यंतर' म्हणतो, कारण पाळीमुळे त्यांना बहुतेक चित्रपटांचा एकच अर्धा भाग बघायला मिळतो आणि न बघितलेल्या अर्ध्याबद्दल त्यांची मतं जास्त ठाम असतात. मी चहा करतो, बाई बिस्किटं आणतात, सर चुका काढतात. वर्षातला आमचा मोठा दिवस म्हणजे त्या मोठ्या चित्रपट पुरस्कारांची नामांकनं जाहीर होतात तो. आदल्या बुधवारी प्रत्येकाने आपला अंदाज लिहून बंद पाकिटात द्यायचा. सहा विभाग, प्रत्येकात पाच नावं, म्हणजे तीस. ज्याची सर्वांत जास्त बरोबर येतील तो वर्षभर फिरत्या खुर्चीत बसणार आणि कोणत्याही वादात शेवटचं वाक्य त्याचं. ही खुर्ची एका बंद पडलेल्या केशकर्तनालयातून मी स्वतः खांद्यावरून आणली. मानेला टेकू आहे, बाजूला दांडा आहे, तो ओढला की माणूस वर जातो.

त्या खुर्चीत मी सलग नऊ वर्षं बसलो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पण आई, सकाळी नऊपासून लोकांच्या विजारींवरचे डाग बघणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन तास कुणी 'तुमचं काय मत?' असं विचारलं, तर त्याचं काय होत असेल याचा विचार करा. गिऱ्हाईक मला फक्त 'शनिवारपर्यंत मिळेल का?' एवढंच विचारतं. घरी ही मला 'दूध आणलं का?' विचारते. आपण 'हिला देता का?' विचारता. (हे सहज लिहिलं.)

तर सहा महिन्यांपूर्वी धाकट्या जावयांची इकडे बदली झाली. तिसऱ्याच दिवशी ही मला म्हणाली, त्यांना इथे ओळखीचं कुणी नाही, त्यांना तुमच्या त्या बुधवारच्या कंपूत घेऊन जा. साडू हे नातं मोठं अवघड. भाऊ असता तर भांडता आलं असतं, शेजारी असता तर बोलणं बंद करता आलं असतं. साडूंशी हसून बोलावंच लागतं, आणि तेही दोन सख्ख्या बहिणी समोर बसून कोण जास्त हसतंय ते बघत असताना. मी त्यांना घेऊन गेलो. ते इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसले. सरांनी विचारलं, आपल्याला कोणत्या प्रकारचे चित्रपट आवडतात? तर म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही हो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. माझं सगळं वर-खाली." सगळे हसले. मीही हसलो. माणूस साधा आहे, मला वाटलं, निरुपद्रवी आहे, आणि बिस्किटंही बेतानेच खातो. पाच महिने ते त्या स्टुलावर मुकाट बसून होते. मी मात्र या काळात त्यांना चित्रपट समजावून सांगितले. कॅमेरा म्हणजे काय, संकलन म्हणजे काय, इथपासून. ते मान डोलवायचे. ती मान आठवली की अजून माझ्या कानांच्या पाळ्या गरम होतात.

नामांकनांच्या आदल्या बुधवारी त्यांनीही पाकीट दिलं. मीच आग्रह केला होता, गंमत म्हणून.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, नावं जाहीर होत होती. दुकानात मी एकटा, फोन कपाटावर उभा करून ठेवलेला, आणि हाताखाली वाफेच्या इस्त्रीत दातांच्या डॉक्टरांची पांढरी विजार. (मुलीच्या लग्नातली आहे, जपून करा, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं.) उत्कृष्ट अभिनेत्याची पाच नावं वाचायला सुरुवात झाली. यंदा त्या तीन तासांच्या जहाजाच्या चित्रपटातला कप्तान वगळला जाईल असं स्वप्नातही कुणाला वाटलं नव्हतं. त्या माणसाने भूमिकेसाठी वीस किलो वजन घटवलं, पोहायला शिकला, स्वतःचा दात काढून घेतला. मी बैठकीत सांगून टाकलं होतं की बाकीची चार नावं ही केवळ त्याच्या शेजारी बसायला बोलावलेली माणसं आहेत. पहिलं नाव झालं, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं आता त्याचंच म्हणून मी इस्त्री दाबून धरली. पाचवं नाव निघालं एका आचाऱ्याची भूमिका करणाऱ्या पोराचं, ज्याची बैठकीत कुणी चर्चासुद्धा केली नव्हती. मी फोनकडे बघत राहिलो. लगेच अभिनेत्री सुरू झाल्या, आणि दीपगृहाच्या चित्रपटातली म्हातारी, जिच्यासाठी मी दोन बुधवार खर्ची घातले होते, तीही नाही. तिच्या जागी टोलनाक्यावर बसणाऱ्या बाईचं काम केलेली एक नवखी मुलगी. माझ्या पायाखालची फरशी सरकली. इस्त्री मात्र जागची हलली नव्हती. धूर आला तेव्हा मी भानावर आलो. विजारीच्या मागच्या बाजूला, नेमक्या जागी, तपकिरी रंगाचा एक त्रिकोण उठला होता. (भूमितीच्या सरांनी नंतर तो समद्विभुज असल्याचं सांगितलं.) डॉक्टरांना मी नवं कापड घेऊन दिलं, माफी मागितली, त्यांनीही मोठ्या मनाने 'असू द्या' म्हटलं. पण तेव्हापासून माझी उजवीकडची दाढ दुखतेय आणि मी गेलेलो नाही.

त्याच संध्याकाळी खास बैठक. पाकिटं फोडली. सर चौदा. केमिस्टबाई सोळा. मध्यंतर अकरा. मी एकोणीस, आणि यंदाचे धक्के बघता एकोणीस म्हणजे काही वाईट नाही, असं मी म्हणतच होतो, तेवढ्यात बाईंनी धाकट्या जावयांचं पाकीट फोडलं आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. तीसपैकी सत्तावीस. आचारी होता. टोलनाक्याची मुलगी होती. कप्तान नव्हता, म्हातारी नव्हती. आणि नुसती नावं नव्हेत, आई, समासात कारणं. कप्तानाबद्दल लिहिलं होतं, 'रडतो छान, पण रडण्याआधी उजेड कुठून येतोय ते बघून घेतो.' टोलनाक्याच्या मुलीबद्दल, 'गाडीकडे न बघता हात पुढे करते. रोज ते काम करणाऱ्या बायका असाच हात पुढे करतात.'  मग भूमितीच्या सरांनी, ज्यांनी नऊ वर्षांत माझं एकही वाक्य दुरुस्तीशिवाय सोडलेलं नाही, त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "वा."

मला त्यांनी कधी 'वा' म्हटलेलं नाही.

धाकटे जावई खुर्चीत बसायला तयार नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "अहो नको, तुमची जागा आहे," असं तीनदा म्हणाले. त्याने जास्तच झोंबलं. मीच त्यांना दंडाला धरून बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसलो. स्टुलाला एक पाय आखूड आहे हे मला पाच महिने ठाऊक नव्हतं. पुढच्या बुधवारी ते येताना तेलाची बाटली घेऊन आले आणि त्यांनी खुर्चीला तेल दिलं. नऊ वर्षं मी वाक्य संपवलं की जरा मागे रेलायचो आणि खुर्ची कुरकुरायची. त्यावर सगळ्यांना कळायचं की विषय संपला. आता ती खुर्ची आवाजच करत नाही. ते काही बोलतच नाहीत, आणि सगळे वाट बघत बसतात की आता बोलतील, मग बोलतील. बाई बिस्किटांऐवजी केक आणू लागल्या. मध्यंतरने तर पाळी बदलून घेतली आणि आयुष्यात प्रथमच एक चित्रपट सलग बघितला, का तर यांनी आचाऱ्याचा बघा म्हटलं. मी नऊ वर्षं सांगत होतो.

घरी आलो तर ही म्हणाली, "ऐकलं मी. धाकटीचा फोन होता. बघा, गाजावाजा नाही, काही नाही." मग थोडं थांबून, "पण तुमचेही एकोणीस आलेच की." त्या 'पण'वर मी रात्री जेवलो नाही. (नंतर जेवलो.)

आता मला एका गोष्टीने छळलं. हा माणूस चित्रपट बघतो कधी? सकाळी आठला बाहेर पडतो, सातला घरी. रविवारी आमच्याकडे, नाहीतर आम्ही त्यांच्याकडे. धाकटीला सहज विचारलं, तर ती हसली. म्हणाली, यांना अंधारात बसवलं की दहाव्या मिनिटाला घोरतात, लग्नानंतर दोनदा नेलं आणि दोन्ही वेळा मागच्या माणसाने उठवलं. म्हणजे बघितलेलं नाही आणि तरी सत्तावीस. मला वाटलं, नक्की कुठूनतरी उतरवलंय. कुणा वर्तमानपत्रवाल्याची लिफ्ट दुरुस्त करत असतील आणि त्याचे कागद वाचत असतील. मला पुरावा हवा होता. खोटं सांगत नाही, तो पुरावा बैठकीत टेबलावर ठेवताना माझा चेहरा कसा दिसावा, तेही मी आरशात बघून ठेवलं होतं.

म्हणून मागच्या मंगळवारी दुपारी मी दुकान बंद केलं ('पाच मिनिटांत येतो' अशी पाटी लावून, जी संध्याकाळी सहापर्यंत लटकत होती) आणि त्यांच्या मागावर निघालो. बाजारातल्या त्या मोठ्या इमारतीत त्यांचं काम होतं, जिच्या चौथ्या मजल्यावर चित्रपटगृह आहे. इथेच पाणी मुरतंय, मी म्हटलं. ओळखू येऊ नये म्हणून मी हँगरवर एक लांब ओव्हरकोट धरून त्याच्या आडून चालत होतो. (वाटेत दोन गिऱ्हाइकांनी मला नावाने हाक मारली.) ते पुढच्या दाराने गेले, म्हणून मी तळघरातल्या गाड्या लावायच्या जागेतून आत शिरलो, लिफ्ट उघडी होती तिच्यात चढलो आणि चार नंबर दाबला. 'काम चालू आहे' ही पाटी त्यांनी सगळ्या मजल्यांवर लावली होती. तळघरातली लावायला ते खाली येणारच होते, पण मी त्यांच्याआधी पोचलो. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली. वर छतावर बुटांचा आवाज झाला. मग टपावर दोनदा ठकठक, आणि धाकट्या जावयांचा आवाज, "आत कुणी आहे का?"

त्यांचा नियम आहे तो. वीज बंद करण्याआधी विचारायचंच. मी उत्तर दिलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण ओव्हरकोट घेऊन मेहुणीच्या नवऱ्याचा पाठलाग करत होतो, हे लिफ्टच्या टपातून ओरडून कसं सांगायचं? मी श्वास रोखून धरला. दिवा गेला.

अंधारात उभा होतो तेव्हा वर फोन वाजला. त्यांचे हात ग्रीसने माखलेले असणार, कारण त्यांनी तो मोठ्या आवाजावर टाकला. आणि आई, त्या पत्र्याच्या डब्यात, अडीच मजल्यांवर लोंबकळत, मी आपला आवाज ऐकला.

आपण नुकत्याच चित्रपट बघून बाहेर पडला होतात. आपल्या बोलण्यात कुठेही गुडघा नव्हता. सुरुवातीला मला वाटलं, दुसऱ्या कुणाची आई असेल. कारण माझ्या ओळखीच्या सासूबाई मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी व्यायामाच्या बाईंकडे जातात, तिथे त्यांच्या पायाला वजनं बांधतात, आणि घरी आल्यावर त्या दमून झोपतात, म्हणून त्या दिवशी फोन करायचा नसतो. पण ह्या आई म्हणत होत्या, "बत्तीस पायऱ्या चढून गेले, उतरताना एका हाताने कठडा, बास." आणि मग सुरू झालात. पहिल्या दृश्यापासून. कोण आलं, काय म्हणालं, म्हणताना कुठे बघत होतं, मागच्या खिडकीत काय दिसत होतं. धाकटे जावई वर पाना फिरवत होते आणि मधून मधून एवढंच विचारत होते, "मग पुढे?" वीस मिनिटं. सांगायला लाज वाटते, पण मी अडकलोय हे विसरलो. ओव्हरकोट खाली टाकला, त्यावर बसलो आणि ऐकू लागलो. गेल्या कित्येक वर्षांत कुणी मला चित्रपट सांगितला नव्हता. मीच सांगत आलो.

मग विषय निघाला दीपगृहाच्या म्हातारीचा. ते म्हणाले, आमचे साडू अजून तिच्यावरून हळहळतात हो. आणि आपण म्हणालात (शब्द जसेच्या तसे आहेत, माझ्या काळजावर कोरलेत), "त्यांना सांगू नका, पण तिला वगळलं ते बरोबरच केलं. सत्तरीची बाई दीपगृहाच्या दोनशे पायऱ्या चढते आणि एकदाही कठड्याला हात लावत नाही. तिला पाय तरुण बाईचे दिलेत. तोंड तेवढं म्हातारीचं."

आणि मी अंधारातून ओरडलो, "अहो, ती त्या दीपगृहातच लहानाची मोठी झालीये. तिला सवय आहे."

तर तो आवाज माझा होता. आपण लगेच फोन ठेवलात, आणि नंतर धाकट्या जावयांनी आपल्याला सांगितलं की लिफ्टमध्ये एक वेडसर गिऱ्हाईक अडकलं होतं. त्यांनी मला वाचवायला तसं सांगितलं. वर त्यांच्या हातून पाना पडला होता आणि बराच वेळ ते 'कोण? कोण?' एवढंच म्हणत होते. मग त्यांनी वीज सुरू केली, मला बाहेर काढलं, ओव्हरकोट झटकून दिला, आणि एक प्रश्नही न विचारता जिन्यावर बसवून डब्यातला चहा दिला. हा त्यांचा स्वभाव मला अजिबात आवडत नाही. त्यांनी विचारलं असतं, रागावले असते, तर बरोबरी झाली असती.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते तिकडे जिन्याचा कठडा बसवायला आले होते, सुटा भाग यायला दोन दिवस लागणार होते, आणि आपण कंटाळून खिडकीशी बसला होतात म्हणून ते आपल्याला दुपारच्या खेळाला घेऊन गेले. नेहमीप्रमाणे ते झोपले. बाहेर आल्यावर त्यांनी आपल्याला विचारलं, काय झालं हो त्यात? आणि आपण बसथांब्यावर उभ्या राहून, दोन बसगाड्या सोडून, पूर्ण सांगितला. त्याला दोन वर्षं झाली. ती सत्तावीस नावं आपली होती आणि समासातली कारणंही आपलीच. "मला खरंच कळत नाही त्यातलं," ते म्हणाले, "पण आईंनी सांगितलेला असला की मला झोप येत नाही." मुलींना कळलं तर बत्तीस पायऱ्यांवरून त्या घर डोक्यावर घेतील, म्हणून आपण त्यांना गप्प राहायला सांगितलं होतंत. बुधवारी सगळ्यांना खरं सांगून खुर्ची परत करतो, असं ते म्हणाले. मी नको म्हटलं. ते हिच्या कानावर गेलं असतं आणि आपलं दुपारचं जाणं बंद झालं असतं. तेव्हा ते खुर्चीतच बसतात. मी स्टुलावर बसतो, आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून, आणि सर त्यांना 'वा' म्हणतात तेव्हा मीही मान डोलवतो.

खुर्चीचं मला आता फारसं वाटत नाही. (वाटतं, पण सोसतं.) मला जे लागलं ते वेगळंच आहे, आणि ते लिहावं की नाही यावर मी दोन कोट इस्त्री केले. मी एकोणीस वर्षं या घरचा जावई आहे. चित्रपटाशिवाय मला दुसरं काही येत नाही, हे जगाला माहीत आहे. दर रविवारी फोनवर मी आपल्याला गुडघ्याबद्दल विचारतो, आपण बरा आहे म्हणता, मी फोन हिला देतो. तिकडे दर मंगळवारी आपण ज्याला चित्रपटातलं ओ की ठो कळत नाही त्याला पहिल्या दृश्यापासून सांगता. त्यांनी फक्त 'काय झालं त्यात?' एवढं विचारलं होतं. मी ते कधी विचारलं नाही, हे मला मान्य आहे. पण मला वाटायचं सासूला गुडघाच विचारायचा असतो.

असो. पत्र फार लांबलं, समोर गिऱ्हाईक येऊन उभं आहे आणि शनिवारपर्यंत मिळेल का विचारतंय. तब्येतीला जपावं, दोन्ही हातांनी कठडा धरावा. लहानांना आशीर्वाद सांगायचे तर आपल्याकडे लहान कुणी नाही, म्हणून ते मलाच असू द्यावेत.

आपला,
थोरला जावई

ता. क. मुख्य मुद्दा राहिलाच. मंगळवार धाकट्या जावयांचा असेल तर तो त्यांनाच लखलाभ होवो, मी त्यात पडत नाही. पण आपण शुक्रवारीही जाता. तर शुक्रवारचा चित्रपट मला सांगाल का? साडेपाचला दुकानात कुणी नसतं. मी मध्ये बोलणार नाही. कॅमेऱ्याबद्दलही काही सांगणार नाही. दीपगृहाचा विषय मात्र मी सोडलेला नाही. लहानपणापासून जिने चढणाऱ्या बायकांची तीन उदाहरणं मी गोळा केली आहेत, ती ऐकावी लागतील.

ता. क. दुसरा. पुरस्कारांचा निकाल पुढच्या महिन्यात आहे. आपली अंतिम यादी आपण धाकट्या जावयांना देणारच. ती मला एक दिवस आधी मिळाली, आणि त्यांच्या यादीत एखादं नाव, फार महत्त्वाचं नाही, ध्वनीचं वगैरे, जरा इकडचं तिकडे झालं, तर मी आपला आजन्म ऋणी राहीन. मोठ्या जावयाचा मान म्हणून काही असतो की नाही?

ता. क. तिसरा. वरचा मजकूर खोडणार होतो, पण पाकीट मिटायच्या आत ही दुकानात आली आणि हिने माझ्या हातातून कागद घेऊन उभ्या उभ्या सगळा वाचला. मी शिक्षेची वाट बघत उभा होतो. ही रागावली नाही. पायऱ्यांबद्दलही एक शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली की शुक्रवार मिळणार नाही. शुक्रवार गेलं दीड वर्ष तिचा आहे. दर शुक्रवारी साडेपाचला स्वयंपाकघराचं दार लोटून ही आईच्या गुडघ्याची चौकशी करते असं मी समजत होतो. धाकट्या जावयांना सांगू नकोस, असं आपण हिलाही बजावलं होतंत म्हणे. मी विचारलं, मग मला तरी सांगायचंस. तर म्हणाली, "तुम्हाला काही सांगायला गेलं की तुम्ही पुढचं सांगता."

तेव्हा दोन्ही वार गेले आहेत. रविवारी दुपारी आपल्याला मोकळा वेळ असतो का, तेवढं कळवावं. आपलं चित्रपटाचं तिकीट मी काढून ठेवीन.